भिंत पुढं, पैसा मागं

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतमध्ये घराचं काम कधी काढायचं, हे पंचांगाइतकंच हळदीच्या पट्टीवर ठरतं. पावसाच्या तोंडाशी लावलेली हळद जानेवारी-फेब्रुवारीत निघू लागते. ती शिजायची, वाळायची, पॉलिश व्हायची आणि मोंढ्यात यायची, तोवर गुढीपाडवा येऊन ठेपलेला असतो. आडतीवर पट्टी हातात पडली की ज्याच्या मनात घर आहे तो विटांचा भाव विचारत फिरू लागतो. समोर मृग उभा असतो. त्यामुळं साऱ्या तालुक्याला पाया, भिंत आणि छत हवं असतं ते याच दोन-अडीच महिन्यांत. आमच्या लहानपणीही बांधकामाचा हंगाम हाच होता. बदललं ते त्यानंतरचं चित्र. आता पावसाळ्यात गावाबाहेरच्या नव्या वस्त्यांतून चक्कर मारली, की स्लॅब पडलेली पण चौकटींना दारं नसलेली घरं दिसतात. गिलावा एका भिंतीवर थांबलेला असतो, जिन्याला कठडा नसतो आणि न्हाणीत फरशीऐवजी मुरूम असतो. मालकाला विचारलं तर एकच उत्तर मिळतं, "गुत्तेदार येईना गेलाय."

जुनं वसमत माळवदांचं होतं. खाली दगडाचा पाया, वर मातीच्या हातभर जाड भिंती, सागाचे खांब आणि तुळया, त्यावर लाकडाची दाटी, मग पाला, आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. दर उन्हाळ्यात माळवदावर नवी माती टाकायची, बडवायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या. हे काम चुकलं तर पहिल्याच मोठ्या पावसात देवघरात थेंब पडायचा. घर किती मोठं, हे खणांत सांगायचे. चार खणांचं घर म्हटलं की ऐकणाऱ्याला आतली चूल, बळद आणि ढाळज सगळं डोळ्यांपुढं यायचं.

त्या घराची मला आज सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे ते टप्प्याटप्प्यानं वाढायचं. या साली पीक बरं आलं, दोन खण काढले. पुढच्या दोन साली हात आखडला, तर तेवढ्यातच राहिले. मग थोरल्याचं लग्न ठरलं, आणखी दोन खण निघाले. प्रत्येक टप्प्यावर जे उभं असेल त्यात राहता येत होतं. घर अर्धवट असण्याची लाज नव्हती आणि भीतीही नव्हती, कारण जितकं बांधलं होतं तितकं पूर्ण होतं.

पैशाचंही तसंच. मिस्त्री, त्याच्या हाताखालचे दोन गडी, दगड घडवणारे वडार, सुतार, सगळे हजेरीवर. आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी ओट्यावर बसून हिशेब व्हायचा. आमच्या आजोबांच्या चोपडीत घराच्या कामाची पानं आहेत. सुरुवातीच्या पानांवर हाली रुपये, पुढं कलदार. निजामाच्या राज्यात सात हालीला सहा कलदार असा बट्टा धरायचे. कुणाच्या नावावर किती दिवस, किती उचल, बाकी किती, एवढंच त्यात लिहिलेलं. करार म्हणून एक ओळही नाही. पण आठवड्याच्या शेवटी मिस्त्री आणि मालक दोघं भिंतीला दोरी लावायचे, किती हात उंची चढली ते बघायचे, आणि मग पैसे मोजले जायचे. भिंत पुढं चालायची, पैसा तिच्या मागून. मिस्त्री मध्येच निघून गेला तरी मालकाचं बुडून बुडून किती बुडणार? एका आठवड्याची उचल. आणि मालकानं हात वर केले तरी मिस्त्रीचं तेवढंच.

त्या काळात वाद नव्हते असं कुणी सांगितलं तर मी मानणार नाही. भिंत ओळंब्यात नाही, सुतारानं कबूल केलेल्या सागाऐवजी दुसरंच लाकूड घातलं, मिस्त्रीनं एकाचं काम सोडून देशमुखांचा वाडा धरला, ही भांडणं घरोघरी होती. ती सोडवायला गावातली चार माणसं यायची. पारावर किंवा चावडीत बसत. पण भांडण बांधकामाचं असेल तर थेट भिंतीपाशी यायची, ही त्यातली उत्तम गोष्ट. ओळंबा सोडला की भिंतच सांगायची काय ते. "मिस्त्री, पोळ्याच्या आत एवढं उरकून दे. मालक, तुम्ही याची मागची बाकी आजच टाका." दोघांनी मान हलवली की झालं. मिस्त्री गावातलाच, त्याला पुढचं काम याच गावात मिळवायचं असे. शब्द मोडला तर दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला कळायचं.

पण या पंचायतीचं गुणगान करताना मला थांबावंसं वाटतं. ते चार पंच कोण असायचे? बहुतेक वेळा मालकाच्याच भावकीतले, त्याच्याच पंगतीला बसणारे. वडाराची मजुरी थकली तर त्याच्या बाजूनं कोण बोलायचं? जातीनं जो खाली, तो बैठकीतही खाली बसायचा आणि त्याचा शब्दही खालीच राहायचा. बायकांना तर त्या बैठकीत जागाच नव्हती. पावसाचं पाणी कोणत्या कोपऱ्यातून आत येतं, चुलीचा धूर कुठं कोंडतो, भिंतीतला पोकळ दगड कोणता, हे ज्यांना रोजच्या वापरानं ठाऊक होतं त्या दाराआडून ऐकायच्या. जुन्या गोष्टींची ओढ मला मनापासून आहे, पण ही बाजू झाकून ती सांगणं मला जमणार नाही.

माळवदांवरचा विश्वास एका पहाटे उडाला. 30 सप्टेंबर 1993. किल्लारीचा भूकंप लातूर-उस्मानाबादेत झाला, तरी दगडमातीच्या घरात झोपणारा सगळा मराठवाडा त्या दिवसापासून छताकडं बघत झोपू लागला. जाड भिंती आणि डोक्यावरचा मातीचा भार, ज्यांच्यामुळं उन्हाळ्यात घर गार राहायचं, त्यांनीच माणसं गाडली. आमच्याकडंही कितीतरी कुटुंबं महिनोन् महिने अंगणात झोपली. नवं घर बांधायचं तर स्लॅबचंच, हे त्यानंतर पक्कं झालं. त्याआधीपासून कारखान्याच्या, शाळेच्या, बँकेच्या पगारदारांनी प्लॉट घ्यायला सुरुवात केली होतीच. 1999 च्या 1 मे रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, कचेऱ्या वाढल्या, कर्ज मिळू लागलं आणि शेतांचे प्लॉट पडत गेले.

हिशेबाची पद्धत मोडली ती स्लॅबमुळं. मातीची भिंत रोज हातभर चढवता येते, थांबवता येते. स्लॅबचं तसं नाही. स्लॅब एका दमात टाकावी लागते; मध्ये थांबलात तर सांधा राहतो आणि तिथूनच पाणी झिरपतं. त्यासाठी आधी सेंट्रिंग, लोखंड, सिमेंट, वाळू, खडी सगळं जागेवर लागतं, मिक्सर लागतो, त्या दिवशी वीस-पंचवीस माणसं लागतात. दोन गड्यांना घेऊन काम करणाऱ्या मिस्त्रीच्या आवाक्यातलं हे नव्हतं. ज्याच्याकडं सेंट्रिंगच्या प्लेटा आणि टोळी आहे तो गुत्तेदार झाला. काम हजेरीवरून गुत्त्यावर गेलं, चौरस फुटाचा दर ठरू लागला, आणि स्लॅबच्या आधी मोठी रक्कम एकदम द्यावी लागू लागली. पैसा भिंतीच्या पुढं निघून गेला तो इथं.

स्लॅबनंतरचं काम गुत्तेदाराला जड जातं, हेही समजून घ्यायला हवं. पाया, भिंती, छत ही ढोबळ कामं. त्यात माणसं झपाट्यानं चालतात आणि मोबदलाही मोठा निघतो. पुढं उरतं ते किरकोळ पण किचकट: गिलाव्याचे काठ, न्हाणीचा उतार, नळाच्या फिटिंगा, फरशीची पातळी, पायरीची उंची. वेळ खूप, सुटणारा पैसा थोडा. तिकडं दुसऱ्या गल्लीत नव्या पायाचा इसार मिळालेला असतो. पोरं तिकडं जातात. हळद काढणीत मजूर शेतात जातात, ऊसतोडीला टोळ्या जिल्ह्याबाहेर जातात, आणि वाळूचा लिलाव अडला तर सगळ्यांचंच थांबतं. हे सगळं खरं असतं. मालकही निर्दोष नसतो. "इथं एक खिडकी काढा, तिथं कपाटाची जागा सोडा, कंपाउंडची भिंत दोन थर वाढवा," हे तो जाता-येता सांगतो, आणि त्याचे पैसे कुठंच लिहिलेले नसतात. मग दोघांच्याही मनात आपापला हिशेब वाढत जातो. एकजण म्हणतो, पैसे घेऊन बसला. दुसरा म्हणतो, जास्तीचं करून घेतलं.

फोनवर सुरुवातीला "उद्या पोरं पाठवतो, मालक" असं उत्तर येतं. नंतर फोन उचलणं थांबतं.

आमच्या मावशीच्या घराचं असंच झालं. प्लॉट तिच्या नावावर, घरही तिच्याच नावावर बांधायला काढलेलं. काकांच्या निवृत्तीचे पैसे त्यात घातलेले. स्लॅब पडली, त्या दिवशी रिवाजाप्रमाणं सगळ्या टोळीला जेवण झालं, मिस्त्रीला टॉवेल-टोपी झाली. बहुतेक रक्कम तोवर दिली गेली होती. आतला गिलावा अर्धा झाला आणि काम थांबलं. त्यातच 10 जुलै 2024 च्या सकाळी जिल्ह्याला 4.5 तीव्रतेचा धक्का बसला. त्याच वर्षी 21 मार्चलाही असेच हादरे आले होते, आणि पांगरा शिंद्याच्या परिसरातले जमिनीतले आवाज तर तालुक्याला परिचयाचेच आहेत. धक्क्यानंतर मावशीच्या जिन्याजवळ एक चीर दिसली. ती भूकंपाची की कामातल्या कुचराईची, यावर नवा वाद उभा राहिला.

पूर्वी चावडी होती. आता कुठं जायचं, हे मावशीला कुणी सरळ सांगितलं नाही. पोलीस ठाण्यात सांगितलं, "मावशी, हे दिवाणी आहे." ते चुकीचं नव्हतं, काम सोडून जाणं एवढ्यानं फसवणुकीचा गुन्हा होत नाही, घेतानाच बुडवायचा हेतू असल्याचं दिसावं लागतं. कुणी म्हणालं, नगर परिषदेत त्याचं लायसन रद्द करायला लावा. पण नगर परिषदेकडं नोंद असते ती नकाशावर सही करणाऱ्या अभियंत्याची किंवा पर्यवेक्षकाची. खासगी घराचा गुत्ता घेणाऱ्याला आपल्याकडं असा परवानाच लागत नाही. सरकारी कामं घेणाऱ्यांची बांधकाम खात्यात नोंदणी असते, तीच दाखवून काहीजण स्वतःला परवानाधारक म्हणवतात. पण खासगी मालकाच्या तक्रारीला ती नोंदणी फारशी कामाला येत नाही. कुणी महारेराचं नाव घेतलं. 2017 पासूनचा तो कायदा फ्लॅट आणि प्लॉट विकणाऱ्या बिल्डरसाठी आहे. आपल्याच जागेवर आपण गुत्त्यानं बांधून घेतलेलं घर त्यात बसत नाही.

बसतं ते ग्राहक कायद्यात. 1986 चा पहिला ग्राहक संरक्षण कायदा झाला तेव्हा घरबांधणीचा उल्लेख नव्हता. 1993 च्या दुरुस्तीनं तो सेवेच्या व्याख्येत आला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात स्पष्ट केलं, की घर बांधून देणं ही सेवा आहे आणि त्यातली कसूर ही सेवेतली त्रुटी. मराठवाड्यातली घरं स्लॅबकडं वळली त्याच साली हा निकाल आला, हा योगायोग मला विसरता येत नाही. महाराष्ट्रात तर बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्येच पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली होती; पण ती भाषा आमच्या गल्लीपर्यंत पोहोचायला फार वर्षं लागली.

2020 च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या कायद्यानं वसमतसारख्या गावातल्या माणसाची मोठी सोय केली आहे. तक्रारदार जिथं राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. गुत्तेदार नांदेडचा किंवा परभणीचा असला तरी त्याच्या गावी खेटे घालायची गरज नाही. दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, आणि 5 लाखांपर्यंत असेल तर फीसुद्धा नाही. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते, 1915 या क्रमांकावर आधी सल्लाही मिळतो. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, आणि "उद्या येतो"च्या भरवशावर ती निघून जाते. तीन ते पाच महिन्यांत निकाल व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, हे मनाशी धरूनच पुढं जावं. एक बारकावा असा, की मालकाच्या हुकमाखालची वैयक्तिक चाकरी कायद्यानं वगळलेली आहे. आजोबांचा हजेरीवरचा मिस्त्री बहुधा या कायद्यात आलाच नसता. गुत्ता येतो.

मावशीला सर्वांत उपयोगी पडला तो ओळखीतल्या एका निवृत्त ओव्हरसिअरचा सल्ला. तो म्हणाला, "बाई, दुसरा मिस्त्री लावायची घाई करू नका. आधी जे आहे ते लिहून घ्या." ही गोष्ट शंभर मालकांपैकी बहुतेकांना सुचत नाही. पाऊस डोक्यावर असतो, भाड्याच्या घराचं भाडं चालू असतं, म्हणून ते दुसऱ्याकडून काम उरकून घेतात आणि पहिल्यानं किती सोडलं होतं याचा पुरावाच भिंतीत गाडला जातो. मावशीनं नोंदणीकृत अभियंत्याकडून खोलीवार मोजमाप करून घेतलं: झालेलं काम किती, उरलेलं किती, उरलेल्याला आजच्या दरानं खर्च किती. फोटो काढले. बँकेतून गेलेल्या रकमांचा उतारा काढला. रोख दिलेल्या पैशांची मात्र तिच्या डायरीतली नोंद एवढाच आधार होता. मग वकिलामार्फत स्पीड पोस्टानं नोटीस गेली: पंधरा दिवसांत काम सुरू करा, नाहीतर दुसऱ्याकडून पूर्ण करून जादा खर्च तुमच्याकडून मागू. ही मागणी 1872 च्या करार कायद्याइतकी जुनी आहे; करार मोडणाऱ्यानं दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून द्यायचं, हे त्याच्या 73 व्या कलमात आहे.

नोटीस मिळाल्यावर गुत्तेदार आला. चिडून आला, पण आला. आयोगात जाण्याआधी प्रकरण तालुका विधी सेवा समितीकडून लोकअदालतीत दाखलपूर्व ठेवायचं ठरलं.

या टप्प्यावर मला जुनं आणि नवं एकमेकांच्या जवळ आलेलं दिसलं. अभियंता, गुत्तेदार आणि मावशी तिघं पुन्हा घरात गेले. दोरीच्या जागी टेप होती, पण भिंतीपाशी उभं राहूनच बोलणं झालं. चिरेचं काय ते अभियंत्यानं गिलावा खरवडून पाहिलं: वीटकाम आणि जिन्याचा सांधा नीट बांधला नव्हता, हादऱ्यानं तो उघडा पडला. गुत्तेदारानं ते मान्य केलं. मग तो म्हणाला, "पण मावशी, मागची भिंत आणि पाण्याची टाकी कुणाच्या खात्यात?" मावशी म्हणाली, "दोन्ही माझ्याच सांगण्यावरून झाल्या. त्यांचे पैसे मी देणं लागते." आजोबांच्या काळात जिला दाराआडून ऐकावं लागलं असतं, ती आपल्या नावाच्या घरात, आपल्या नावाच्या कागदावर, स्वतः बोलत होती. जुन्या दिवसांतलं बरंच काही परत यावं असं मला वाटतं. पण हे दृश्य त्या दिवसांत नव्हतं आणि ते मी कशाच्याही बदल्यात देणार नाही.

तडजोड अशी झाली: जिन्याचा सांधा गुत्तेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचा. टाकी आणि मागच्या भिंतीची किंमत मोजमापानं त्याच्या बाजूला धरायची. उरलेलं काम मावशीनं दुसऱ्याकडून करून घ्यायचं, आणि जास्त घेतलेली रक्कम त्यानं हप्त्यांनी परत करायची. त्याच्या टोळीची थकलेली मजुरी त्यातून आधी चुकती व्हायची, ही अट मावशीची होती. लोकअदालतीत सही झालेला हा समझोता दिवाणी हुकूमनाम्याच्या ताकदीचा असतो आणि त्यावर अपील नसतं, हे दोघांनाही वाचून दाखवण्यात आलं. चावडीच्या निकालाला गल्लीची लाज राखणदार होती. आता ती जागा कागदानं घेतली आहे, कारण गुत्तेदार आता गल्लीत राहत नाही.

कागद करताना आपल्या माणसांना अजून संकोच वाटतो. "एवढा विश्वास नाही का?" हा प्रश्न समोरच्याच्या ओठावर येईल, या भीतीनं लाखोंचं काम तोंडी दिलं जातं. मला वाटतं विश्वासाची जुनी रीत त्या आठवड्याच्या दोरीत होती. मावशीनं राहिलेल्या कामासाठी नव्या मिस्त्रीशी 500 रुपयांच्या स्टॅम्पवर करार केला. ऑक्टोबर 2024 पासून शंभराचा स्टॅम्प चालेनासा झाला आहे. त्यात एकरकमी उचल नाही. गिलावा झाला की मोजून पैसे, फरशी झाली की मोजून पैसे, नळ-वायरिंगचे वेगळे. जास्तीचं कोणतंही काम आधी वहीत दोघांच्या सहीनं. दहावा हिस्सा राखून ठेवलेला, न्हाणीत पाणी सोडून उतार पाहिल्यावर आणि एक पाऊस छतावरून गेल्यावर द्यायचा. आणि मालकाकडून हप्त्याला आठ दिवसांपेक्षा उशीर झाला तर मिस्त्रीला काम थांबवायचा हक्क, हे कलम मिस्त्रीनं मागितलं तेव्हा मावशीनं ते स्वतःच्या हातानं लिहिलं.